देशमुखाने न सांगितलेली खबर

डोंगर आणि नदी यांच्या मधल्या पट्ट्यात एक परगणा होता, आणि त्या परगण्याचा कारभार निंबाजीराव नावाचा एक देशमुख पाहत असे. लोक त्याला अण्णा म्हणत. माणूस कर्तबगार होता. उन्हातान्हात फिरायचा, कोणाच्या तोंडचा घास काढायचा नाही. त्याला खोड म्हणाल तर एकच होती. लोकांची हसरी तोंडं पाहिल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे.

त्या परगण्यात एक रीत होती. बाजारच्या दिवशी ऊन डोक्यावर आलं, की चावडीपुढच्या चौथऱ्यावर हलगी वाजे. भाजीवाल्या पाट्या झाकून ठेवत, न्हावी गिऱ्हाइकाची दाढी अर्धीच सोडी, आणि सगळा बाजार चौथऱ्याभोवती गोळा होई. मग निंबाजीराव फेटा सावरत वर चढे आणि परगण्याची खबर सांगे. कुठल्या विहिरीचा गाळ काढला, कुठल्या रस्त्यावर मुरूम पडला, कुठल्या गावाला नवा वैद्य आला, धर्मशाळेचं छप्पर कुठवर आलं. प्रत्येक खबरीला लोक एका सुरात म्हणत, "ऐकलं!" त्यावर हलगीची थाप पडे, आणि मग पुढची खबर.

रीत चांगलीच होती. पण चांगल्या रीतीचंसुद्धा माणसं काय करून ठेवतील, ते सांगता येत नाही. हळूहळू लोकांना असं वाटू लागलं, की चौथऱ्यावरून जे सांगितलं तेच घडलं, आणि जे सांगितलं नाही ते घडलंच नाही. एका गावात नव्या विहिरीला पाणी लागलं. बायका घागरी घेऊन काठावर बसून राहिल्या, पण पुढच्या बाजारापर्यंत कोणी पोहरा आत सोडला नाही. दुसऱ्या गावात वाघाने भरदिवसा शेळी उचलली. शेळीवाला छाती पिटून सांगत होता, की मी या डोळ्यांनी पट्टे पाहिले. लोक म्हणाले, "बाजारात तर काय ऐकलं न्हाई. तरस असंल."

हे किस्से निंबाजीरावाच्या कानावर येत. शहाण्या माणसाला अशा वेळी काळजी वाटली असती. निंबाजीरावाच्या अंगावर मूठभर मांस चढे.

एक मात्र खरं, की तो चौथऱ्यावरून कधी खोटं बोलत नसे. तो फक्त वाईट बोलत नसे. त्यालाही कारण होतं. कारभार हाती आला त्या पहिल्याच वर्षी त्याने टोळधाडीची खबर दिली होती. ती ऐकताच बाजार उधळला. माणसं वाट फुटेल तिकडे पळाली, म्हातारी माणसं पायदळी आली, एका कुंभाराची सारी मडकी फुटली आणि त्याचा पायही मोडला. टोळ आले नाहीत ते नाहीतच. त्या दिवशी निंबाजीरावाने मनाशी गाठ मारली. बरी खबर चौथऱ्यावर सांगायची, वाईट खबर पोटात ठेवायची. वाईटाचं आपण बघून घेऊ, लोकांना कशाला भिववायचं? आणि तो खरंच बघून घेई. बऱ्याच वेळा ते जमूनही जाई. इथेच सगळा घोटाळा झाला.

परगण्यात एक मोठा तलाव होता. तलावाला मातीचा जुना बांध होता, आणि बांधाच्या खाली, ओढ्याच्या काठाने तळवडी नावाचं गाव होतं. निंबाजीरावाची एकुलती एक लेक सगुणा याच तळवडीच्या पाटलाच्या घरी दिली होती.

त्या साली तलाव तुडुंब भरला. जत्रा तोंडावर आली. जत्रेला देवाची मूर्ती तराफ्यावर बसवून तलावभर फिरवत, आणि यंदा तो सोहळा पाहायला खुद्द सुभेदार येणार होते. निंबाजीरावाचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. अशात एका सकाळी त्याचा कारभारी विसोबा चिखलाने बरबटलेल्या पायांनी आला आणि त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "अण्णा, बांधाच्या खालच्या अंगाने पाणी पाझरतंय. साधी ओल नाही. माती घेऊन पाणी येतंय."

निंबाजीरावाने त्याच्या पायांवरच्या चिखलाकडे पाहिलं. पण तो म्हणाला, "जत्रा झाली की दुरुस्तीला माणसं लावू."

"तोवर बांधाची मोरी उघडून पाणी सोडू या, तलाव निम्मा करू या."

"निम्मा? मग देवाचा तराफा काय चिखलात ओढायचा? सुभेदार काय म्हणतील?"

"मग निदान तळवडीला तरी सांगू या. उद्या बाजारच आहे."

"आणि ऐन जत्रेत पळापळ करू या? विसोबा, मी ती एकदा पाहिली आहे. पुन्हा नको."

विसोबा मान खाली घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला. हलगी वाजली. निंबाजीराव चौथऱ्यावर चढला, तर तळवडीची माणसं आज अगदी पुढे बसलेली. एरवी ती मागे, बैलबाजाराच्या अंगाला असत. आज त्यांच्यात कोणी हसत-बोलत नव्हतं, सगळ्यांची नजर त्याच्या तोंडावर खिळली होती. निंबाजीरावाला वाटलं, लेकीच्या सासरचं गाव, माया आहे माणसांना. त्याने मुरमाची खबर सांगितली, धर्मशाळेची सांगितली, देवीची लस टोचायला आलेल्या वैद्याची सांगितली. शेवटी तो म्हणाला, "तलाव यंदा काठोकाठ भरला आहे. देवाचा तराफा थाटात फिरेल!"

तळवडीच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्या बाजारापेक्षा मोठ्या आवाजात तीच ओरडली, "ऐकलं!"

निंबाजीराव खूश होऊन खाली उतरला. पण रात्रीचं जेवण काही त्याला गेलं नाही. सकाळी उठून त्याने तळवडीला गाडी धाडली. निरोप दिला, की सगुणाच्या आईला बरं नाही, लेकीला आणि नातवाला चार दिवस पाठवा.

सगुणा आली ती धावतच घरात शिरली. पाहते तर आई ओट्यावर बसून सुपात तांदूळ पाखडते आहे आणि शेजारणीशी हसते आहे. सगुणा तशीच बापाच्या बैठकीत गेली.

"आई तर ठणठणीत आहे, आबा. मला कशाला आणलं?"

निंबाजीरावाने दार लोटून घेतलं. "बांधाला थोडं पाणी सुटलं आहे. भिण्यासारखं काही नाही. पण जत्रा होईस्तोवर तू आणि लेकरू इथंच राहा."

सगुणाने त्याला मध्येच तोडलं.

"भिण्यासारखं काही नाही, तर मला का आणलं?"

"अगं, तू माझी लेक आहेस."

"आणि तळवडी कोणाची आहे?"

सगुणाने खाली खेळणारं पोर कडेवर घेतलं आणि ती अंगणात आली. गाडीवान बैलांचं जू उतरवत होता. ती म्हणाली, "बैल सोडू नका. गाडी उलटी फिरवा."

"सगुणे, असा वेडेपणा करू नकोस! आत चल!"

"तळवडी निघेल तेव्हा मी निघेन, आबा."

गाडी फाटकाबाहेर पडली. मागच्या बाजूने नातवाने त्याला हात हलवून दाखवला. दोन दिवस निंबाजीराव स्वतःला सांगत आला होता, की धोका लहान आहे. तो इवलासा हात त्याने पाहिला. आपला आपल्याच बोलण्यावर कधी विश्वास नव्हता, हे त्याला त्या क्षणी कळलं.

तरीही तो लगेच निघाला नाही, हे सांगायलाच हवं. मानी माणसाचे पाय जड असतात. त्याला वाटलं, पोर तापट आहे, अर्ध्या वाटेवरून परत येईल. तो फाटकाशी उभा राहिला. बायकोने जेवायला हाक मारली, तो गेला नाही. गाडी काही दिसेना. मग मात्र त्याने घोडा काढायला लावला, आणि मांड ठोकताना तो विसोबाला ओरडून म्हणाला, "मोरी उघड! तराफा गेला खड्ड्यात!"

विसोबा या शब्दांची वाटच पाहत होता. तो धावत सुटला. पण मोरीतून पाणी जायला वेळ लागतो, आणि तो वेळ निंबाजीरावाने आधीच घालवला होता.

तळवडीत तो पोहोचला तेव्हा त्याला वाटलं होतं, की सगुणाने सांगितल्यावर गाव रिकामं झालं असेल. पाहतो तर काय, कोणी ओट्यावर वाती वळत बसलेलं, कोणी बैलाला चारा घालत होतं. सगुणाचा सासरा आणि नवरा तराफा बांधायला तलावाच्या वरच्या काठाला गेले होते, आणि ती लेकरू कडेवर घेऊन एकटीच दारोदार फिरत होती. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता.

"मी प्रत्येक घरी सांगितलं, आबा. कोणी उठत नाही. म्हणतात, आम्ही कालच बाजारात होतो, आम्ही असं काही ऐकलं नाही."

निंबाजीराव घोड्यावरूनच ओरडला, "निघा! टेकडीवर चढा! बांध फुटतोय!"

आणि आख्खं गाव एकदम उठलं. कोणी का म्हणून विचारलं नाही, कोणी खरं का म्हणून विचारलं नाही. वाती तशाच राहिल्या, भाकरी तव्यावर राहिली. लेकरं कडेवर, म्हातारी पाठीवर, गुरांची दावी हातात, अशी सगळी माणसं टेकडीच्या वाटेला लागली. निंबाजीराव थक्क होऊन पाहत राहिला. ना आरडाओरडा, ना चेंगराचेंगरी. इतकं सोपं होतं? हेच काल का सांगितलं नाही मी?

गोंदाजी नावाचा म्हातारा काठी टेकत त्याच्या घोड्याजवळून चालला होता. तो मध्येच थांबला.

"अण्णा, म्हंजी त्ये पानी खरंच बांधातनं येतंय व्हय?"

"कुठलं पाणी?"

"त्येच की. आमी थोरली मानसं पाळीपाळीनं जुन्या गोधड्या कोंबतोय त्यात, लेकीसुनांस्नी न सांगता. लई दिस झालं."

निंबाजीरावाने लगाम खेचला. "तुम्हाला ठाऊक होतं? मग मला सांगितलं का नाही?"

"तुमास्नी काय सांगायचं? सगळ्या परगण्याची खबर तुमच्यापाशी." म्हाताऱ्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, तो अगदी सरळपणे सांगत होता. "काल मुद्दाम फुडं जाऊन बसलो. म्हटलं, बांधाचं कायतरी बोलत्याल. तुमी म्हणाला, तलाव काठोकाठ भरलाय, देवाचा तराफा फिरंल. मंग आमीच एकमेकांस्नी म्हटलं, आपलंच डोळं फिरल्यात. डोंगरातला झरा असंल कुटला तरी. पन पाळी काय मोडली न्हाई."

निंबाजीराव ज्या गर्दीला माया समजून बसला होता, ती माणसं जिवाची भीती घेऊन त्याच्यापुढे बसली होती. त्याने ती भीती गोड बोलून घालवली होती. त्याने त्यांचे धडधाकट डोळे खोटे पाडले होते.

तेवढ्यात सगुणा पळत आली. "आबा, सासूबाई कुठेच नाहीत!"

गोंदाजी म्हणाला, "पाटलीणबाई? अगं, आज पाळी हाय न्हवं त्यांची, गोधडीवर."

निंबाजीरावाने पुढचं ऐकलंच नाही. त्याने घोड्याला टाच मारली. बांधाच्या पायथ्याशी चिखलात घोडा पुढे जाईना, तेव्हा उडी टाकून तो धावत सुटला. भागूबाई पाटलीण गुडघाभर गढूळ पाण्यात उभी होती. लुगड्याचा काचा खोवलेला, आणि दोन्ही हातांनी एक गोधडी बांधाच्या भगदाडात दाबून धरलेली. गोधडीच्या चहूबाजूंनी पाणी उसळत होतं.

"विहीणबाई, सोडा ते! चला!"

"हात काढला तर पानी गावात शिरंल, पाव्हणं."

"शिरू दे! गाव टेकडीवर गेलं!"

"समदं?"

"सगळं गेलं. तुम्हीच राहिलात."

तेव्हा कुठे तिने हात काढला. निंबाजीरावाने तिला दंडाला धरून उताराने वर खेचलं. पाय घसरत होते, हात सुटत होते. दोघं वर खडकापाशी पोहोचली आणि मागे मोठा आवाज झाला. निंबाजीरावाने वळून पाहिलं. बांधाचा मधला भाग जागेवर नव्हता. पाणी तळवडीत शिरलं. गोठे गेले, घरं गेली, देवळाचा कळस तेवढा काही वेळ वर दिसला आणि मग तोही दिसेनासा झाला. समोरच्या टेकडीवर माणसांची रांग उभी होती.

भागूबाईने आपलं घर जाताना पाहिलं. ती रडली नाही. खाली पाणी ओसरू लागलं तेव्हा तिने विचारलं, "पाव्हणं, तुमास्नी ह्ये कवा कळलं?"

खोटं बोलायला काहीच हरकत नव्हती. "आत्ताच कळलं" म्हटलं असतं तर खपलं असतं. तिथे ऐकायला तिसरं माणूस नव्हतं. निंबाजीराव खरं तेच बोलला.

"कालच्या बाजाराआधी."

ती त्याच्याकडे वळून पाहू लागली. तिला आधी ते समजलंच नाही. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू एक एक गोष्ट उमटत गेली.

"मंग आजची गाडी? सगुणाला न्यायाला आल्याली?"

निंबाजीरावाने होकाराची मान हलवली.

"इहीणबाई आजारी न्हाईत?"

"नाहीत."

"मी सगुणाजवळ मुरंब्याची बरणी दिली त्यांच्यासाठी," भागूबाई म्हणाली. "म्हटलं, आजारात तोंडाला चव न्हाई ऱ्हात."

ती गवताला हात पुसत बसली. चिखल वाळला होता, निघत नव्हता. तिने शिव्या द्याव्या, दगड उचलून मारावा, असं निंबाजीरावाला मनापासून वाटलं. ते सोपं गेलं असतं.

पुढच्या बाजारी तो चौथऱ्यावर चढला, तेव्हा त्याने हलगी वाजू दिली नाही. त्याने सगळं सांगितलं. पाणी कधी सुटलं, विसोबा काय म्हणाला, आपण काय म्हणालो. तराफ्याचं सांगितलं, सुभेदारांचं सांगितलं. शेवटी लेकीसाठी गुपचूप धाडलेल्या गाडीचंही सांगितलं. माणसं तोंडात बोटं घालून ऐकत होती. काहींचा तर अजूनही विश्वास बसेना. आपले अण्णा? गाडी धाडली? आपल्या लेकीपुरती? रीत होती, एका सुरात "ऐकलं!" म्हणायची, ती कोणालाच आठवली नाही.

मग पुढच्या रांगेतून भागूबाई उभी राहिली. "झालं त्ये समजलं," ती म्हणाली. "आता तळवडीनं ऱ्हायाचं कुटं, त्ये सांगा."

"माझ्या घरी," निंबाजीराव म्हणाला.

आणि तसंच झालं. नवी तळवडी वरच्या माळावर उभी राहीपर्यंत जुनी तळवडी देशमुखाच्या घरात राहिली. ओसरीवर, माजघरात, माडीवर, जिथे जागा मिळेल तिथे चुली मांडल्या गेल्या. देशमुख स्वतः गोठ्याशेजारच्या खोलीत झोपू लागला. त्याला कोणी टोचून बोललं नाही. पण रोज सकाळी दार उघडलं, की त्याला त्या सगळ्या तोंडांसमोर जावं लागे.

तळवडीची पोरं त्याच्याभोवती खेळत. "आजोबा, आज पाऊस येनार का?" असं विचारत. तो नीट आभाळ न्याहाळून, विचार करून, खरं तेच सांगे. पोरं त्याचं ऐकून घेत, आणि मग तरीही अंगणात जाऊन स्वतः वर बघून येत. निंबाजीरावाला त्याचं वाईट वाटे. आणि बरंही वाटे.

तात्पर्य: लोक ज्याच्या शब्दावर स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा ठेवतात, त्याने वाईट बातमी लपवणं हे खोटं बोलण्याइतकंच घातक असतं; आणि कोणाच्याही शब्दावर इतका भरवसा ठेवू नये, की समोर दिसणारं संकटही खोटं वाटावं.